मेंदूविज्ञान आणि शिक्षण एकत्र शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एड. करून शाळेत शिकवणारे, सायकॉलॉजी घेऊन बी.ए. झालेले, काही तर इंजिनियरिंगमधून शिक्षणाकडे वळलेले, असे बरेच जण मेंदूविज्ञान आणि शिक्षण एकत्र शिकवणाऱ्या मास्टर्सबद्दल (याला एज्युकेशनल न्यूरोसायन्स म्हणतात) साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. फीचे आकडे आणि अर्जाच्या तारखा दिलेल्या नाहीत, त्या दरवर्षी बदलतात, विद्यापीठाच्या साइटवरच बघा.

या मास्टर्समधे नेमकं शिकवतात काय?

तीन गोष्टी एकत्र. एक, मेंदूची रचना आणि काम, म्हणजे न्यूरोसायन्स. दुसरी, माणूस लक्ष कसं देतो, लक्षात कसं ठेवतो, वाचतो कसा, आकडे कसे समजून घेतो, हे सगळं कॉग्निटिव्ह सायकॉलॉजीत येतं. आणि तिसरी गोष्ट वर्ग, म्हणजे शिकवणं, अभ्यासक्रम, मूल्यमापन. यातली मधली सायकॉलॉजी लोक धरतच नाहीत आणि प्रत्यक्षात बराच वेळ तिथेच जातो. शिवाय स्टॅटिस्टिक्स आणि रिसर्च मेथड्स, त्यातून सुटका नाही.

मशीनही समजून घ्यावी लागतात. ईईजीमधे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतली विजेची हालचाल मोजतात, ती मिलिसेकंदात कळते पण नेमकी कुठून आली ते नीट कळत नाही, एफएमआरआय या स्कॅनचं उलट, रक्तातल्या ऑक्सिजनवरून जागा बरी कळते पण वेळेचा हिशोब सेकंदांत. हे एकदा डोक्यात बसलं की पेपरात ‘मेंदूचा अमुक भाग उजळला’ असं वाचल्यावर पहिला प्रश्न येतो, कशाच्या तुलनेत उजळला?

एखादं उदाहरण द्या ना, म्हणजे अंदाज येईल.

मला सगळ्यात आवडतं ते लखनौजवळच्या गावांमधलं काम. वाचणं ही मेंदूसाठी नवी गोष्ट आहे, लिपी येऊन जेमतेम पाच हजार वर्षं झाली, तेवढ्यात मेंदूत वाचनासाठी जन्मजात जागा तयार होणं शक्य नाही, म्हणजे जे भाग मुळात चेहरे, वस्तू ओळखायला वापरले जातात त्यातलंच काहीतरी वाचनासाठी वापरात येत असणार. स्तानिस्लास देहान या फ्रेंच शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर खूप काम केलंय, ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या निरक्षर आणि साक्षर प्रौढांची तुलना त्यांनी २०१० मधे छापली.

लखनौच्या कामात एक पाऊल पुढे गेले. कधीही शाळेत न गेलेल्या प्रौढांना, त्यात जवळपास सगळ्या बायकाच, सहा महिने देवनागरीत हिंदी वाचायला-लिहायला शिकवलं आणि शिकण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. २०१७ मधे निकाल आला की दृष्टीच्या कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या दिसण्याच्या भागाचा, आणि आत खोल असलेल्या थॅलॅमस, ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) यांमधल्या भागांचा एकमेकांशी ताळमेळ बदलला होता. म्हणजे तिशीतल्या बाईच्या मेंदूतही अक्षरओळखीने बदल होतो. साक्षरता वर्गात ‘आता या वयात काय येणार’ म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण नीट बघा, त्या अभ्यासाने ‘कसं शिकवावं’ हे सांगितलेलं नाही. तिथून पुढचा प्रश्न सुरू होतो.

मग ही डिग्री घेऊन मी जास्त चांगलं शिकवीन का?

थेट नाही. जाहिरातीत असं लिहिलेलं असलं तरी नाही.

या विषयावरची सगळ्यात गाजलेली टीका जॉन ब्रूअर यांची, १९९७ ची. त्यांचं म्हणणं असं की मेंदूच्या पेशींपासून थेट वर्गापर्यंत पूल बांधायला जाऊ नका, अंतर फार आहे, मधे सायकॉलॉजीचा मुक्काम लागतो, मेंदू ते सायकॉलॉजी आणि सायकॉलॉजी ते वर्ग असे दोन टप्पे घ्या. २०१६ मधे जेफ्री बोवर्स यांनी आणखी कडक लिहिलं की वर्गात उपयोगी पडलेलं जे काही आहे ते सायकॉलॉजीनेच दिलंय, स्कॅनने त्यात भर टाकलेली नाही. या दोघांचे लेख ज्या कोर्समधे वाचायला लावत नाहीत तिथे जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

आणि टीकेत दम आहे. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग घ्या. एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. धडा झाला की पुस्तक मिटून ‘आता काय काय आठवतंय ते लिहा’ हे कुठल्याही शाळेत उद्यापासून करता येतं आणि त्यासाठी कुणाच्याही डोक्याचा स्कॅन काढायला लागला नाही.

पण मेंदूकडे बघून काहीच मिळत नाही असंही नाही. फुमिको हफ्ट आणि सहकाऱ्यांनी डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अक्षमता, असलेल्या मुलांचा अडीच वर्षं पाठपुरावा केला, निकाल २०११ मधे छापला, कुणाचं वाचन सुधारेल हे नेहमीच्या वाचन-चाचण्यांवरून आधी सांगता आलं नाही, मेंदूच्या स्कॅनवरून मात्र बऱ्यापैकी सांगता आलं. मुलं थोडीच होती, त्यामुळे लगेच शाळेत स्कॅनर आणा असं कुणी म्हणत नाहीये, पण वरून सारखी दिसणारी दोन मुलं आतून वेगळ्या वाटेने वाचत असू शकतात हे कळणं शिक्षकाला मोलाचं आहे.

तर फायदा कुठे होतो? तुम्हाला पुरावा वाचता येतो. शाळेत कुणी काही विकायला आलं तर काय विचारायचं ते कळतं. याची आपल्याकडे किती गरज आहे ते पुढच्या प्रश्नात.

आमच्या शाळेत ब्रेन बेस्ड लर्निंगचं ट्रेनिंग झालं, लेफ्ट ब्रेन, राइट ब्रेन, व्हिज्युअल लर्नर वगैरे. तेच का हे?

नाही हो. तेच दुरुस्त करायला हा विषय उभा राहिला असं म्हटलं तरी चालेल.

२०१२ मधे डेकर, हॉवर्ड-जोन्स वगैरे संशोधकांनी ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या २४२ शिक्षकांना मेंदूबद्दल खरी-खोटी विधानं दिली. खोट्या विधानांपैकी साधारण निम्मी शिक्षकांना खरी वाटली. आणि सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट, ज्यांना मेंदूबद्दल एकूण माहिती जास्त होती त्यांचा गैरसमजांवरही विश्वास जास्त होता. हे आवड असलेले शिक्षक होते, मेंदूबद्दल मिळेल ते वाचणारे, आणि त्या वाचण्यात खरं-खोटं एकत्र आलेलं होतं. दोष त्यांचा नाही, त्यांच्यापर्यंत जे पोचतं त्याचा आहे.

लर्निंग स्टाइलचंच बघा. हे मूल बघून शिकतं, हे ऐकून, हे हाताने, म्हणून प्रत्येकाला त्याच्या स्टाइलने शिकवा. मुलांना आवडीनिवडी असतात हे खरंच आहे, पण त्या स्टाइलने शिकवल्यावर ते मूल जास्त शिकतं याला पुरेसा पुरावा नाही, पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मधे सगळा पुरावा तपासून हेच लिहिलं. डावा मेंदू गणिताचा आणि उजवा कलेचा हेही तसंच, काही कामं एका बाजूला जास्त होतात, भाषा बहुतेकांची डावीकडे, पण कुठलंही मूल एका बाजूने विचार करत नाही.

आणि आपल्याकडे तर याहून वाईट आहे. मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे क्लास तालुक्याच्या गावापर्यंत पोचले, मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावायचं आणि पालकांकडून हजारो रुपये घ्यायचे. मिडब्रेन म्हणजे ब्रेनस्टेमचा वरचा भाग, डोळ्यांच्या हालचाली वगैरे कामं तो करतो, तो जिवंत माणसात चालूच असतो, वर्कशॉपमधे जाऊन चालू करायचा नसतो. मूल नाकाशेजारच्या फटीतून बघतं. आणि फसवायला शिकवलं जातं ते मुलाला, स्वतःच्या आईबापांना फसवायला, याचा मला फार राग येतो. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्या टेस्टही तशाच, त्यात गार्डनर यांच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्तेचं नाव घेतात, पण ठशांचा त्या सिद्धांताशी काही संबंध नाही. शाळांनी अशा लोकांना हॉल देऊ नये. पालकसभेत उभं राहून हे शांतपणे समजावून सांगू शकणारा एक जरी शिक्षक प्रत्येक शाळेत असला तर खूप काम होईल.

हे कुठे शिकता येतं?

नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं हार्वर्डचं, तिथल्या स्कूल ऑफ एज्युकेशनमधे कर्ट फिशर यांनी २००० च्या सुमारास माइंड, ब्रेन अँड एज्युकेशन हा मास्टर्स उभा केला, याच नावाचं जर्नल २००७ पासून निघतं. पण लक्षात घ्या, हार्वर्डने मधे आपल्या मास्टर्सची सगळी रचना बदलली आणि आता त्या नावाचा वेगळा प्रोग्रॅम राहिलेला नाही, अजून बरेच जण जुने लेख वाचून तिथेच अर्ज करायचा म्हणतात. न्यूयॉर्कला कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमधे न्यूरोसायन्स अँड एज्युकेशन नावाचा एम.एस. आहे, तिथे मेंदूचा भाग जास्त कसून होतो. लंडनला बर्कबेक आणि यूसीएल (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) इथली मंडळी एकत्र येऊन २००८ मधे सेंटर फॉर एज्युकेशनल न्यूरोसायन्स सुरू झालं आणि त्यातून मास्टर्सही उभं राहिलं. जॉन्स हॉपकिन्सने कामावर असलेल्या शिक्षकांसाठी माइंड, ब्रेन अँड टीचिंगचं सर्टिफिकेट काढलं.

आणि एक जागा फार कमी लोकांना माहीत असते, वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ, कर्णबधिरांचं. तिथे एज्युकेशनल न्यूरोसायन्सची पीएचडी आहे, खुणांची भाषा शिकणाऱ्या मुलांचा मेंदू भाषा कशी घडवतो यावर तिथे काम चालतं. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत असाल तर आधी हे बघा.

भारतात काहीच नाही का?

याच नावाचा मास्टर्स शोधत बसलात तर हाती फारसं लागत नाही, पण तुकडे चांगले आहेत. मेंदू-मनाच्या बाजूने यायचं तर अलाहाबाद विद्यापीठाचं सेंटर ऑफ बिहेवियरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस, आयआयटी गांधीनगर, आयआयटी कानपूर, हैदराबाद विद्यापीठ, इथे कॉग्निटिव्ह सायन्स शिकता येतं. शिक्षणाच्या बाजूने यायचं तर टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), अझीम प्रेमजी विद्यापीठ. पीएचडीच करायची असेल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, १९७४ पासून मुलं विज्ञान-गणित कसं समजतात यावर काम करतंय, किंवा आयआयटी मुंबईचं एज्युकेशनल टेक्नॉलॉजी.

माझा सल्ला विचाराल तर घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी इथे कॉग्निटिव्ह सायन्सचा मास्टर्स करा, प्रोजेक्टला शाळेचा विषय घ्या आणि मग फंडिंग असलेल्या पीएचडीसाठी बाहेर बघा. नुसत्या मास्टर्ससाठी जमीन गहाण टाकू नका.

मी आर्ट्सची आहे, बायोलॉजी दहावीनंतर सोडली. जमेल?

जमेल. बऱ्याच ठिकाणी शिक्षकांनाच घेतात आणि सुरुवातीला न्यूरोसायन्सची ओळख करून देतात. अडतं ते स्टॅटिस्टिक्सवर, म्हणून जायच्या आधी सहा महिने तेच करा, सरासरी, प्रमाण विचलन, कोरिलेशन (दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध), इफेक्ट साइज (फरक किती मोठा) इतकं तरी हाताला बसलेलं हवं. जीआरई ही अमेरिकेतली प्रवेशपरीक्षा कोविडनंतर बऱ्याच एज्युकेशन स्कूलनी बंद किंवा ऐच्छिक केली. तीन वर्षांच्या बी.ए. वर कुठे अडवतात कुठे नाही, वर बी.एड. असेल तर बहुतेक वेळा मदतच होते, तरी ईमेल करून विचारा.

पैशांचं काय?

मास्टर्सला पूर्ण मदत कमीच मिळते. ब्रिटनसाठी तिथल्या सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती बघा, त्याला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, शिक्षकांकडे तो असतोच. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, त्यात विद्यापीठाच्या जागतिक रँकची अट असते म्हणून विद्यापीठ निवडतानाच ती यादी शेजारी ठेवा. जे. एन. टाटा एंडोमेंट ही कर्जाऊ स्कॉलरशिप आहे, परत फेडायची असते, पण हाती असली की बळ मिळतं.

ही डिग्री मिळाली की मला मुलांचं एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता) टेस्टिंग करता येईल ना?

नाही. हे सगळ्यांनी नीट वाचा कारण इथेच जास्त गोंधळ होतो. अध्ययन अक्षमतेचं निदान आणि रेमेडिअल काम करायला आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेलं क्लिनिकल सायकॉलॉजीचं किंवा स्पेशल एज्युकेशनचं शिक्षण आणि नोंदणी लागते. आणि बोर्डाच्या सवलतीसाठीचं सर्टिफिकेट ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांतूनच मिळतं, मुंबईत महापालिकेच्या सायन, नायरसारख्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आलेली आहे, त्यामुळे कागदपत्रांचं महत्त्व आणखी वाढलंय. तुमचं मन मुलांबरोबर एकेकटं बसून काम करण्यात असेल तर हा मास्टर्स सोडा आणि आरसीआयचं स्पेशल बी.एड. करा, मुलांना त्या माणसांची जास्त गरज आहे.

मग नोकरी कुठे?

अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या संस्था, मूल्यमापनाचं काम, शिक्षक प्रशिक्षण, एडटेक कंपन्या, पायाभूत साक्षरतेवर काम करणाऱ्या एनजीओ, केंद्र सरकारचं पायाभूत साक्षरतेचं निपुण भारत अभियान २०२१ मधे सुरू झाल्यापासून या शेवटच्या भागात कामं वाढली. ‘न्यूरो-एज्युकेटर’ अशी पोस्ट शोधाल तर क्वचितच सापडेल. परत शाळेत जाणारेही आहेत आणि मला ते सगळ्यात चांगलं वाटतं.

संशोधनाने शाळा खरंच बदलते का?

हळूहळू, आणि कधी कधी बदलतच नाही. ब्रिटनमधे २०१४ मधे एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशन आणि वेलकम ट्रस्ट या दोन संस्थांनी मिळून मेंदूविज्ञानावर आधारलेल्या प्रयोगांना पैसे दिले. त्यातला एक ऑक्सफर्डचा टीनस्लीप, किशोरवयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, मुलांना रात्री उशिरा झोप येते, म्हणून शाळा दहाला सुरू करून बघू. पुरेशा शाळा तयारच झाल्या नाहीत, मग त्यांना प्रयोगाचा आराखडाच बदलावा लागला. दुसरा बर्कबेकच्या टीमचा, प्राथमिकच्या मुलांना मनात पहिल्यांदा येणारं चुकीचं उत्तर थांबवायची सवय लावायची, उदाहरणार्थ ०.१५ हे ०.७ पेक्षा मोठं वाटतं कारण १५ हे ७ पेक्षा मोठं, तिथे थांब, विचार कर. हा मात्र शाळांमधे चालला, थोडासा फायदाही दिसला.

झोपेचा विषय आपल्याकडेही आला. फेब्रुवारी २०२४ मधे राज्य सरकारने जीआर काढला की पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहान मुलांची झोप जपली जातेय, चांगलंच आहे. पण घड्याळ पुढे सरकतं ते आठवी-नववी-दहावीच्या मुलांचं, आणि दोन पाळ्यांच्या शाळेत सकाळची पाळी बहुतेक वेळा त्यांच्याच वाट्याला येते. एकच इमारत, दोन पाळ्या, बसच्या फेऱ्या, शिक्षिकांच्या घरचं वेळापत्रक, हे सगळं सोडवल्याशिवाय ते बदलणार नाही आणि ते सोडवायला शाळा आतून माहीत असलेला माणूस लागतो. म्हणून मी म्हणते की या विषयात शिक्षकांनी यायलाच हवं.

सगळं इंग्रजीवरच आहे. मराठीसाठी काही होतं का?

थोडंफार होतं, आणि जागा प्रचंड रिकामी आहे. हरियाणात मानेसरला नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर आहे, तिथे नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या टीमने ‘डाली’ नावाच्या डिस्लेक्सियाच्या चाचण्या केल्या, २०१५ मधे आल्या, त्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. त्याआधी मराठी माध्यमातल्या मुलाला बहुतेक वेळा इंग्रजी टेस्टच्या भाषांतरावर तपासायचे, ते बरोबर कसं येणार? सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर काम केलंय, त्यात दिसलं की अक्षरं पूर्ण हाताशी यायला पहिली-दुसरी पुरत नाही, पुढेही काही वर्षं लागतात. आपली लिपी त्याच घराण्यातली. मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं, मुलाला शेकडो आकार ओळखावे लागतात.

आणि देवनागरीची स्वतःची कोडी आहेत. ‘कि’ मधली वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि तोंडातून नंतर येते. ‘सूर्य’ मधला र म्हणायचा आधी आणि त्याचा रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. मुलाची नजर तिथे कशी फिरते, कुठे अडते, कोणत्या क्रमाने शिकवलं तर सोपं जातं, हे प्रश्न इंग्रजीवर काम करणाऱ्या लॅबला सुचणारच नाहीत, ते तिसरीच्या वर्गात उभं राहिलेल्या बाईंना सुचतात. त्यात घरी कोकणी, अहिराणी, गोंडी बोलणारं मूल शाळेत प्रमाण मराठी वाचतं, तो आणखी वेगळा विषय, आणि गोव्यात तर एकाच वर्गात दोन-तीन भाषा असतात.

एसओपीत, म्हणजे अर्जाबरोबर स्वतःबद्दल लिहायच्या निवेदनात, काय लिहू?

‘लहानपणापासून मेंदूबद्दल कुतूहल’ हे नको, सगळे तेच लिहितात. तुमच्या वर्गातला एक खरा प्रश्न लिहा. समजा चौथीतली काही मुलं जोडाक्षर सुटं असताना ओळखतात पण शब्दात आलं की अडतात, तर हे कधीपासून दिसतंय, कोणत्या अक्षरांवर जास्त, तुम्ही काय काय करून बघितलं आणि कशाने फरक पडला कशाने नाही, ते साध्या शब्दांत लिहा, वह्यांमधल्या चुकांची नोंद ठेवली असेल तर तिचा उल्लेख करा. मग त्या विभागातल्या कोणत्या प्राध्यापकांचं काम या प्रश्नाच्या जवळचं आहे ते एका वाक्यात. त्यांचा एखादा पेपर खरंच वाचून. अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीच्या आसपास येते, म्हणजे ही नोंद ठेवायला जूनमधे शाळा उघडल्यापासूनच सुरुवात करा.